नऊ घरांची मोकळी जागा

तलावावरची पोरं तिला शिट्टीबाई म्हणायची. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर येरझारा. पोरं पाण्यात जेवढं अंतर कापतात त्याच्या दुप्पट ही काठावरून कापते, असं तिचा नवरा म्हणायचा. खुर्चीत बसून पोहायला शिकवणारी माणसं तिला कधी समजलीच नाहीत. घरीसुद्धा ती चहा उभ्यानं प्यायची, फोनवर बोलताना स्वयंपाकघर ते गॅलरी फेऱ्या मारायची, आणि सिनेमाला गेली तर मध्यंतराआधी दोनदा उठून बाहेर जाऊन यायची. ही पायाला भिंगरी बांधूनच जन्मली, असं तिची आई सांगे.

अशा बाईला पाचवा महिना सरता सरता डॉक्टरांनी आडवं केलं. गर्भाशयाचं तोंड वेळेआधीच सैल पडू लागलं होतं. त्यांनी एक टाका घातला आणि सांगितलं की आता बाळ येईपर्यंत पडून राहायचं. डाव्या कुशीवर. बाथरूमपुरतं उठायचं, जेवताना पाठीला उशी लावून बसायचं, बाकी काही नाही. तिनं आणखी काही विचारायला तोंड उघडलं तेव्हा नवऱ्यानं हळूच तिचा हात दाबला.

नवरा पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता. उजाडायच्या आत निघायचा तो संध्याकाळी यायचा. तिची आई दूर, भावाच्या जुळ्या पोरांच्या मागे अडकलेली. मग दिवसभर हिच्याजवळ कोण? उरले सासरे. शहराच्या दुसऱ्या टोकाला ते एकटेच राहत. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, निवृत्त होऊन थोडी वर्षं झालेली, सासूबाई तर लग्नाआधीच गेलेल्या. सून आणि सासऱ्यांमध्ये आजवर जे बोलणं झालं होतं ते "ये, बस" आणि "येते बाबा" एवढ्यावरच संपलेलं. नवऱ्यानं त्यांना बोलावून घेतलं तेव्हा ती मनात म्हणाली, आगीतून फुफाट्यात.

सासरे एक पिशवी कपड्यांची आणि एक पेटी हत्यारांची घेऊन आले. संकोच तर इतका की खोलीचं दार सताड उघडं असलं तरी टकटक करायचे, आधी खोकायचे, मग छताकडे बघत ट्रे आत आणून ठेवायचे. "आणखी काही?" ती "नको बाबा" म्हणाली की सुटल्यासारखे बाहेर पळायचे. आणि बाहेर तरी कुठे बसायचे? पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळका नळ बदलला, कपाटाची दारं उतरवून पुन्हा बसवली. ती आत पडल्या पडल्या त्यांची पावलं ऐकायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. स्वतःला हलता येत नसताना दुसऱ्याच्या चालण्याचा आवाज ऐकत पडणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. उपाशी माणसाच्या शेजारी बसून कुणी मचमच जेवावं तसं.

तिच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. पोटात जरा कुठे ओढल्यासारखं झालं की श्वास धरून वाट बघायची. ओढ गेली की पायांना मुंग्या. पुस्तक घेतलं तर तेच पान तीनदा वाचायची. तलावावरच्या दुसऱ्या कोचबाईचा फोन यायचा, त्यात स्पर्धेची बातमी असायची. कुणाला कुठल्या शर्यतीत उतरवलं, कुणाचं भिंतीपाशी उलटायचं वळण बदलायला घेतलं. आपण दोन वर्षं घासून घेतलेलं वळण ही बाई बदलते आहे हे ऐकून फोन ठेवल्यावर तिला उशी फाडावीशी वाटायची. त्या कोचबाईनंच एकदा, अगदी चांगल्या मनानं, एका खेळाची लिंक पाठवली. वेळ जाईल, म्हणाली. ब्राउझरमध्ये उघडायचा, काही उतरवून घ्यावं लागत नाही.

खेळ म्हटला तर पोरकट होता. आडवी आठ आणि उभी आठ घरं असलेला पट. खाली तीन ठोकळे यायचे, कधी लांब पट्टी, कधी कोपरा, कधी दोन घरांचा तुकडा. ते उचलून पटावर ठेवायचे. आडवी किंवा उभी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी व्हायची आणि गुण मिळायचे. तीन ठोकळे संपले की नवे तीन. ठेवायला जागाच उरली नाही की खेळ संपला. घड्याळ नाही, समोर कुणी खेळाडू नाही, घाई नाही. वरच्या कोपऱ्यात फक्त एक आकडा, आतापर्यंतचा सर्वोत्तम, ब्राउझरनं लक्षात ठेवलेला.

घाई नव्हती, पण तिनं ती सोबत आणली होती. लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर तिरका ठेवून ती असे ठोकळे टाकायची जणू मागून कुणी शिट्टी फुंकतंय. आला ठोकळा की दिसली जागा की टाक. दोन मिनिटांत पट तुंबायचा. मग पुन्हा. मग पुन्हा. खेळाचा राग यायचा, बंद करायची, कूस बदलावीशी वाटायची, बदलता यायची नाही, आणि परत उघडायची.

सासऱ्यांनी एकदा ट्रे ठेवताना ते बघितलं. तिला काही म्हणाले नाहीत, पण संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मुलाला म्हणाले ते भिंतीतून ऐकू आलं, की दिवसभर त्या डब्यात डोळे घालून बसणं बरं नव्हे, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. ती रिकामी होती हे खरंच होतं, म्हणून ते जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम आणखी खेळून घेतलं.

आणि मग कधीतरी, सारखं सारखं हरून कंटाळल्यावर, तिच्यातली कोच जागी झाली. एखादं पोर दर वेळी त्याच जागी दमायला लागलं तर ती काय करायची? त्याला पळवायची नाही, काठावर उभी राहून बघायची. हात कुठे चुकतोय, श्वास कुठे अडतोय. तिनं स्वतःचा खेळ तसा बघायला घेतला. पट भरतो कुठे? आणि तिला दिसलं की घात नेहमी एकाच ठोकळ्यानं होतो. तीन बाय तीनचा, नऊ घरांचा, लठ्ठ. तो फार येत नाही, पण येतो तेव्हा त्याला जागा नसते. कारण आपण मधे मधे एकेक घर उघडं टाकून पटाची चाळण करून ठेवलेली असते.

तेव्हापासून ती नऊ घरांची एक जागा कायम मोकळी ठेवायला लागली. कितीही मोह होवो, तिथे काही टाकायचं नाही. मग दुसरी गोष्ट उमगली: पहिला ठोकळा उचलायच्या आधी तिन्ही बघायचे, कारण शेवटचा आधी ठेवला तर पहिल्याला जागा होते. मग तिसरी: ओळ मोडायला टपून बसायचं नाही, कडेनं भरत यायचं, ओळी आपोआप मोडतात. आकडा चढू लागला. दोन हजारांवर अडखळणारी ती सहा हजारांवर गेली, मग नऊ.

पण खेळ सुधारला म्हणून जीव थाऱ्यावर आला असं नाही. उलट आता डोळे मिटले तरी ठोकळेच दिसायचे. जमिनीवरच्या फरश्या मोजता मोजता ती त्यांत कोपरे बसवायची. नवरा रात्रीच्या जेवणाला शेजारी बसून कारखान्यातलं काही सांगत असायचा आणि ती त्याच्या खांद्यावरून खिडकीच्या चौकटीकडे बघत असायची. "माझ्याशी बोलतानासुद्धा तू काहीतरी लावतच असतेस," तो एकदा म्हणाला. रागावून नाही, दमून. तिला वाईट वाटलं, आणि तरी त्याच्या शर्टावरच्या चौकड्यांत तिला एक लांब पट्टी दिसलीच.

एका दुपारी झोपून उठल्यावर तिनं खेळ उघडला आणि बघतच राहिली. सर्वोत्तमच्या खाली अकरा हजारांवर काहीतरी होतं. तिचा आकडा साडेनऊचा. तो तिला स्वतःच्या वजनासारखा पाठ होता. झोपेत खेळलो की काय? नवऱ्याचा संशय घ्यावा तर तो घरी आल्यावर बूट काढता काढता पेंगायचा.

लॅपटॉप दुपारी चार्जिंगला बाहेरच्या खोलीत असायचा, कारण हिच्या खोलीतला प्लग कपाटामागे गेलेला. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळानं ध्यानात आलं की घर गप्प आहे. पावलं नाहीत, हातोडी नाही, नळ नाही. या घरात सासरे आल्यापासून असली शांतता झालीच नव्हती. आणि त्या शांततेत मधूनच एक बारीक टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक.

ती उशीत तोंड खुपसून हसली. आडवं झाल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. मग हसू ओसरलं आणि तिच्या लक्षात आलं की अकरा हजार हे अकरा हजार आहेत. रिकामटेकड्यांच्या उद्योगात म्हातारा आपल्याला शेरास सव्वाशेर भेटलाय.

दोघांपैकी कुणीही याबद्दल चकार शब्द काढला नाही. सकाळी ती खेळायची आणि आकडा ओलांडायची. दुपारी ते खेळायचे. तीन वाजता चहा घेऊन आत आले की छताकडे न बघता पडद्याकडे एक चोरटी नजर टाकायचे, आणि ती ट्रे घेता घेता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. त्यांच्या तोंडात मिठाची गुळणी, हिच्याही. तिनं तेरा केले तर त्यांनी साडेतेरा. एकदा तिनं इतका वेळ लावला की जेवणाचा ट्रे निवून गेला आणि ते दारात तीनदा खोकून गेले. पंधरा हजारांच्या पुढचा तो डाव संपला तेव्हा तिचं पोट घट्ट झालं होतं. ती घाबरून पडून राहिली. पोट सैल झालं. दुपारनंतर बघते तर अठरा हजार.

अठरा हजार तिला काही केल्या पार होईनात. चार दिवस झाले, पाच झाले. त्यातच कोचबाईचा फोन आला की स्पर्धा छान झाली, ते नवं वळण घेणारी मुलगी पहिली आली. तिनं तोंडभर अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. तिच्यावाचून तलावावर कुणाचंच अडलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नवऱ्यानं सहज विचारलं, तू दुपारी झोपतेस, तरी हा लॅपटॉप संध्याकाळी एवढा गरम कसा असतो. सासरे पाण्याचा तांब्या भरायला घाईघाईनं उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारांच्या पेटीतल्या एखाद्या सुट्या भागाविषयी विचारावं तसं मुलाला फोनवर विचारलं, की समजा एखाद्यानं संगणकावर काही बघितलं आणि त्याची खूण मागे ठेवायची नसेल तर काय दाबायचं. मुलानं भट्टीच्या गोंगाटातच सांगितलं. सासऱ्यांनी दाबलं. काय काय पुसू असं संगणकानं विचारल्यावर सगळं म्हणून सांगितलं. काम करायचं तर पुरतं, ही त्यांची सवय.

ती जागी झाली, लॅपटॉप मागून घेतला, खेळ उघडला. कोपऱ्यात शून्य होतं.

तिनं पान पुन्हा उघडलं. पुन्हा शून्य. अठरा हजार नाहीत, तिचे पंधरा नाहीत, साडेनऊ नाहीत. आणि मग तिचं तिलाच कळायच्या आत ती पलंगावरून उतरली आणि तरातरा बाहेरच्या खोलीत गेली. सासरे खिडकीशी स्क्रू आवळत होते. तिला उभी बघून त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला.

"सगळं पुसून टाकलंत तुम्ही," ती म्हणाली. "माझ्याकडे एवढं एकच होतं आणि तेही पुसलंत."

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. सासरे "अगं, आधी पड, आधी पड," एवढंच म्हणत होते. ती आणखी काही बोलणार होती, पण पोट दगडासारखं झालं आणि या वेळी ते सैल होईना. तिनं टेबलाची कड धरली. सासऱ्यांनी तिला आजवर कधी हातसुद्धा लावला नव्हता. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं, सोफ्यावर निजवलं, आणि फोन लावताना आकडा दोनदा चुकला.

इस्पितळात पोटाला पट्टे बांधले, औषध चढवलं. टाका धरून होता. बाळाचे ठोके नीट होते. पण दोन-तीन दिवस इथेच ठेवू, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि उठला होतात का, हेही विचारलं. ती हो म्हणाली. कशासाठी, ते सांगायची तिला लाज वाटली. ठोकळ्यांसाठी. यंत्रावर बाळाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे वाजत होते आणि ती पडल्या पडल्या स्वतःला बोल लावत होती.

नवरा येऊन तिच्याजवळ बराच वेळ बसला आणि औषधं आणायला खाली गेला, तेव्हा सासरे आत आले. या वेळी खोकले नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"आकडा मोठा होता का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे की. तुमचाच होता."

त्यांनी पलंगाची दांडी धरली. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"घरात माणसं दोन, बाबा. त्यातलं एक झोपलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

यंत्राचा आवाज चालू होता. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आकड्याचं काही नाही हो. पण हे बाळ वाढतंय ते त्याचं तेच वाढतंय. मी नुसती पडलेय. तिकडे तलाव माझ्यावाचून चाललाय. एवढ्या दिवसांत मला कालच्यापेक्षा आज बरी जमली अशी ती एकच गोष्ट होती."

सासऱ्यांनी भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. मग ते बोलले, आणि तिनं त्यांना एका दमात इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. लिफ्ट मधेच अडकली की आतल्या माणसाला "शांत राहा" सांगून काही होत नाही, ते म्हणाले, तो उलट बिथरतो. बाहेर काम चालू असताना त्याच्याशी बोलत राहावं लागतं. कुठे निघाला होतात, घरी कोण कोण, काहीही. शेकडो माणसांशी ते तसं दारातून बोलले होते. "आणि तू माझ्या घरातली," ते म्हणाले, "तुझ्याशी मात्र काय बोलावं ते सुचेना. म्हणून नळ बदलले."

ती हसायला गेली आणि पोटावरचा पट्टा हलला म्हणून थांबली.

घरी आल्यावर सासऱ्यांनी कपाट सरकवून मागचा तो प्लग मोकळा केला आणि आपलं स्टूल तिच्या खोलीत आणलं. खेळ शून्यापासून सुरू झाला. दोघं मिळून खेळले तर लवकर वर जाऊ असं तिला वाटलं होतं, पण झालं भलतंच. ते एका ठोकळ्यावर इतका विचार करायचे की हिचे पाय शिवशिवायला लागायचे. ती चटकन टाकायला सांगायची आणि ते "थांब, थांब" म्हणायचे. त्यांना कोपऱ्यातून भरायचं असायचं, हिला कडेनं. दोन डोक्यांनी मिळून सात हजारही होईनात. मग वाद. नवरा संध्याकाळी आला की दोघं त्याला पंच करायची आणि तो बिचारा जांभई देत दोघांनाही बरोबर म्हणायचा.

असे आठवडे गेले. सोपे गेले असं कोणी म्हणू नये. पोट घट्ट व्हायचं, तिचा श्वास अडकायचा, सासरे ठोकळा हातात धरल्यासारखं बोट तसंच ठेवून तिच्या तोंडाकडे बघायचे. सैल झालं की ती मान हलवायची आणि ते ठोकळा टाकायचे. सातवा सरला. आठवा लागला. कधी कधी ती दिवसभर त्यांच्याशी भांडायची, उगाचच, कारण भांडायला तेवढंच माणूस हाताशी होतं. ते ऐकून घ्यायचे, आणि फारच झालं तर बाहेर जाऊन एखादी न बिघडलेली वस्तू दुरुस्त करून यायचे.

आठव्याच्या अखेरीस एका सकाळी ती एकटीच खेळत होती. सासरे भाजी आणायला गेलेले. पट स्वच्छ होता, नऊ घरांची जागा मोकळी, आणि ठोकळे हवे तसे येत होते. पंधरा हजार गेले. अठरा गेले. ती थांबली नाही. सासरे परत आले तेव्हा एकवीस हजार झाले होते. ते पिशवी हातात घेऊनच दारात उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "चालू दे."

तिनं एक कोपरा बसवला. दोन ओळी एकदम मोडल्या. आणि तिला अंगाखाली काहीतरी ऊन ऊन ओलं लागलं.

"बाबा," ती म्हणाली, अगदी सावकाश, "पाणी गेलं."

यावेळी त्यांचा फोन पहिल्याच झटक्यात लागला. पटावर तीन ठोकळे तसेच राहिले. लॅपटॉप कुणी बंद केला ते नंतर कुणालाच आठवेना.

मुलगी संध्याकाळच्या आत झाली. वेळेआधीची, म्हणून लहानशी, दोन किलोच्या थोडी आत, पण रडली जोरात. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवणार होते. दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला पलंगावरून उतरायची परवानगी मिळाली, तेव्हा तिचे पाय कापसाचे झाले होते. इतक्या महिन्यांत चालायचं कसं तेच विसरले होते. भिंत धरून, एकेक पाऊल टाकत ती बाळांच्या खोलीच्या काचेपर्यंत गेली. सासरे आधीच तिथे उभे होते, एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरचं पहिल्यावर.

काचेपलीकडे पेटीत मुलगी हातपाय झाडत होती. एक पाय दुपट्यातून सोडवून घेतला होता, दुसऱ्याची खटपट चालू होती. सासरे कुठूनतरी खुर्ची घेऊन आले आणि तिच्यामागे ठेवली. ती बसली नाही. मग ती त्यांना बसा म्हणाली. तेही बसले नाहीत. दोघं काचेला नाक लावून उभीच राहिली, आणि तिचं इवलं पोट वरखाली होतंय ना, हे दर श्वासाला पुन्हा बघत राहिली.

थोड्या वेळानं, रात्र इस्पितळात काढून पहाटे कामावर गेलेला नवरा कारखान्यातून थेट आला, बाहीवर पीठ तसंच. त्यानं काचेशी वाकून बराच वेळ बघितलं, डोळे पुसले, मागच्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि बसल्या बसल्या झोपला.